खुंटीवरची टोपी

म्हाताऱ्या फौजीच्या बुटांच्या नाड्या त्या सकाळीही बायकोनेच बांधल्या. कंबरेत छर्रे घुसल्यापासून त्याला वाकताच येत नव्हतं. नाडीला गाठ मारता मारता तिने बजावलं, "अहो, आज मर्दुमकी घरी ठेवून चला. दुखतंय तर दुखतंय म्हणायचं. इंजेक्शनं बंद केली डॉक्टरांनी, तर अंथरुणालाच खिळाल."

माजी सैनिकांच्या दवाखान्यात त्याचा नंबर लागला. काठी टेकत, कण्हत तो आत शिरला आणि डॉक्टरांच्या डोक्यावरची लष्करी टोपी दिसताच काय झालं, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. काठी भिंतीला लागली, टाचा जुळल्या, छाती पुढे आली.

"काय जवान, तब्येत कशी?"

"एकदम ठीक, साहेब!"

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'आधाराशिवाय ताठ उभा राहतो. इंजेक्शनांची गरज नाही.'

बाहेर बायकोने तो कागद दोनदा वाचला. मग एवढंच विचारलं, "काठी कुठंय?"

काठी आतच राहिली होती. भिंत धरत धरत तो परत गेला. दार अर्धवट उघडं होतं. टोपी खुंटीवर टांगलेली होती आणि डॉक्टर फाइलने टकलाला वारा घालत होते.

"पुढच्याला पाठवू?" नर्सने विचारलं.

"थांबा, आधी ती टोपी द्या. टोपी बघितली की यांचं दुखणं पळतं."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगलं खडसावायचं म्हणून त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात टोपी डॉक्टरांच्या डोक्यावर चढली, आणि दारातल्या दारात त्याच्या टाचा पुन्हा जुळल्या.