लेकीचं माप

बालीजवळच्या पेनिदा बेटावर घर बांधायचं, तर आधी घरधन्याच्या अंगाचं माप घेतात. पसरलेल्या हातांवरून अंगण ठरतं, उंचीवरून खांब. सुवारसांनी आयुष्यभर अशी मापं घेऊन लोकांची घरं बांधली. या वेळी घर त्यांचं स्वतःचं होतं आणि नकाशा त्यांच्या लेकीचा, रेंतिनीचा. तिनं फणसासाठी भिंत वळवली होती, दगड बेटावरचाच धरला होता, छप्पर गवताचं. सुवारसांनी नकाशा पाहिला आणि गुंडाळून ठेवला. तो त्यांना पटला की नाही, या विचारानं रेंतिनीचा जीव टांगणीला लागला.

मापाच्या दिवशी तिनं बांबू उचलला. "बाबा, हात पसरा."

"मी नाही. तू पसर."

जमलेल्या भावकीत कुजबुज सुरू झाली. काका म्हणाले, "अरे, पोरगी उद्या लग्न होऊन जाईल. तिच्या मापाचं घर?"

"जाईना का. मी राहीन की तिच्या मापात."

रेंतिनीनं हात पसरले. सुवारसांनी बांबू लावला, खूण केली, पुन्हा एकदा लावून पाहिला आणि भावाकडे वळून हसले.

"माझ्यापेक्षा चार बोटं जास्तच भरली रे!"