डबाताईंची चाचणी

“ताई, तुमची जागा तिकडे,” निर्मात्याने भिंतीजवळच्या स्टुलाकडे बोट दाखवलं.

डबाताई हलल्या नाहीत. उमेदवाराने उभं राहायचं म्हणून जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारली होती. तिच्यावरच त्या पाय रोवून उभ्या होत्या.

“मी चाचणी द्यायला आलेय. कप्तानाची.”

दिग्दर्शिकेला हसू आवरेना. अंतराळयानाची ही मालिका सव्वीस वर्षं चालली होती, घरोघरी आजीपासून नातवापर्यंत सगळे एकत्र बसून ती बघत. आता कप्तानाचं काम करणारे दादा थकले होते. सकाळपासून अकरा देखणे उमेदवार येऊन गेले होते आणि प्रत्येकासाठी समोरच्या पात्राची वाक्यं डबाताईंनीच वाचली होती. मालिकेत त्या कप्तानाच्या यंत्रमानवाचं काम करत. चौदा वर्षं पत्र्याच्या डब्यात काढली, म्हणून डबाताई.

“तुमचा चेहरा कोण ओळखतं?” निर्माता म्हणाला.

“त्या अकरा जणांचा कोण ओळखतं?”

निर्माता चिडला. आधीच या यंत्रमानवाने त्याच्या नाकी नऊ आणले होते. अलीकडे दादा यंत्रमानवाशिवाय कॅमेऱ्यासमोर उभेच राहत नसत. लग्नात यंत्रमानव, पाणबुडीत यंत्रमानव, आजारी कप्तानाच्या उशाशी यंत्रमानव! म्हाताऱ्याचे लाड म्हणून लेखकानेही हात टेकले होते.

“बरं, गेल्या वर्षीचं खटल्यातलं भाषण म्हणा,” तो म्हणाला. आता ततपप होईल, अशी त्याची खात्री होती.

डबाताईंनी कागद मागितला नाही. अख्खं भाषण त्या म्हणाल्या, आणि असं म्हणाल्या की दिवेवाला शिडीवरच थबकला. निर्माता मात्र हार मानणाऱ्यातला नव्हता.

“शेजारी उभं राहून पोपटसुद्धा एवढं शिकेल, ताई.”

डबाताईंचा चेहरा लाल झाला. एक वाक्य बोलल्या असत्या तर त्याची बोलती बंद झाली असती. ते त्यांच्या ओठांवर आलंही. त्यांनी कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या दादांकडे पाहिलं आणि ते गिळलं.

“दुसरं एखादं सांगा,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळपर्यंत सांगत बसा. मी इथून हलत नाही.”

नवा कप्तान जुन्याने पसंत करायचा, असा त्या मालिकेचा रिवाज होता. सकाळपासून दादांनी एकालाही पसंती दिली नव्हती. आता ते खुर्चीला धरून उठले.

“पोपट ती नव्हे, मी,” ते म्हणाले. “चार वर्षं झाली, माझ्या डोक्यात ओळ टिकत नाही. ही पत्र्याआडून कुजबुजते, मी बोलतो.”

ध्वनिवाल्याने मान खाली घातली. ती कुजबुज पुसून काढता काढता त्याची चार वर्षं गेली होती.

निर्मात्याचा आवाज खाली आला. “ताई, आधी का नाही सांगितलंत?”

“ते माझं नव्हतं सांगायचं.”

“माझी पसंती हीच,” दादा म्हणाले. “चालत नसेल तर पेपरवाल्यांना मी स्वतः सांगतो, चार वर्षं कप्तान कोण होतं ते.”

दिग्दर्शिकेने अकरा जणांची यादी उलटी करून ठेवली. निर्मात्याने कपाळ चोळलं.

“ठीक आहे. पण मग त्या डब्यात कोण शिरणार?”

“मी,” दादा म्हणाले. “त्याला दोनच शब्द असतात, ‘होय, कप्तान’. तेवढे राहतात माझ्या लक्षात.”