भिंतीवरची रांगोळी

मसाल्याच्या कारखान्यात प्रमिलाने भिंतीवर प्रत्येक हत्याराच्या जागी त्याची आकृती रंगवली, तेव्हा चंद्राबाई पोट धरून हसल्या होत्या. "हत्यारांना कसली गं रांगोळी?"

आज त्यांचं बोट मिरची दळायच्या यंत्राच्या बटणावर होतं आणि बाहेर टेम्पो खोळंबला होता. प्रमिलाने नेमाप्रमाणे भिंतीकडे पाहिलं. पान्याची आकृती रिकामी होती.

"थांबा! पाना जागेवर आल्याशिवाय यंत्र सुरू करायचं नाही."

कुरकुरत चंद्राबाईंनी मेन स्विच बंद केला आणि यंत्रात हात घातला. मिरच्यांखाली पाना होता, काल साफसफाई करताना त्यांच्याच हातून राहिलेला.

चंद्राबाईंनी पाना पदराने पुसून भिंतीवर टांगला. "भरला बघ रंग तुझ्या रांगोळीत," त्या म्हणाल्या. "आता दाबू का बटण?"