चार स्क्रू

मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी इंद्रायणी मॅडमनी पृष्ठभाग तपासणी कक्षाच्या दारावरचा कोयंडा काढायला घेतला. चार स्क्रू होते. कोयंडा आदल्या संध्याकाळी विभागप्रमुख देवदत्त सरांच्या हुकमावरून बसला होता.

ज्याने तो बसवला तो शिपाई निंगप्पा शेजारीच उभा होता. स्क्रू ड्रायव्हर त्यानेच आणून दिला. हात मात्र लावला नाही.

"मी काढलं तर मेमो मला, तुमी काढलं तर तुमाला," तो म्हणाला. "आन् मॅडम, उलटं फिरवताय की."

त्यांनी सुलट फिरवलं. कुलपासकट कोयंडा हातात आला.

आतलं यंत्र बसून तीन आठवडे झाले होते. वस्तूच्या अगदी वरच्या पापुद्र्यात, अणूंच्या पाच-दहा थरांत, काय काय आहे ते सांगणारं. त्याचा प्रस्ताव मॅडमनी तीन वर्षांत चारदा लिहिला होता. मंजूर झाला तो एका ओळीमुळे: यंत्र विद्यापीठाचे सगळे विभाग आणि जिल्ह्यातली नऊ कॉलेजं मिळून वापरतील, संशोधनाला आणि शिकवायलाही. यंत्र आलं आणि देवदत्त सर ती ओळ विसरले. एवढी नाजूक वस्तू, येईल तो हात लावेल, असं त्यांचं म्हणणं. किल्ली त्यांच्या खिशात.

नोंदवहीत आज पहिलं नाव पूनमचं होतं. राहणार वळसंग, अक्कलकोटच्या कॉलेजात एम.एस्सी.ला. पहिल्या एसटीने ती एक डबी घेऊन आली होती. डबीत नखाएवढे दोन तुकडे, घरच्या मेंढ्यांची लोकर कातरायच्या कातरीच्या पात्यातून कापलेले. गंजू नये म्हणून तिने त्यांवर लेप चढवला होता. तो एका हंगामात सुटायचा. का सुटतो, ते तिला बघायचं होतं.

साडेदहाला सर आले. दाराकडे पाहिलं, मग मॅडमकडे. ओरडले नाहीत. कुलसचिवांकडे लेखी तक्रार जाईल, एवढंच सांगितलं. मग त्यांची नजर टेबलावरच्या उघड्या डबीवर गेली.

"विळ्या-कातरींसाठी आणलंय का हे मशीन?" म्हणत त्यांनी एक तुकडा बोटांनी उचलून उजेडात धरला.

समोरच्या भिंतीवर सूचना होती: नमुन्यास उघड्या हाताने स्पर्श करू नये. खाली सही सरांचीच.

"सर, त्याला आता तुमचा हात लागला," पूनम म्हणाली. "मशीनला तोच दिसंल. माझ्याकडं दुसरा हाय."

सरांनी तुकडा खाली ठेवला. पूनमने हातमोजे चढवले आणि दुसरा तुकडा चिमट्याने धरून मॅडमच्या हाती दिला.

"तो पहिलापण दे," मॅडम म्हणाल्या.

दोन्ही तुकडे आत गेले. नोंदवहीत 'उद्देश' असा रकाना होता. पहिल्या ओळीत मॅडमनी लिहिलं: पूनम, संशोधन. दुसऱ्या ओळीत: विभागप्रमुखांनी हाताळलेला नमुना, वेळ १०.३५, अध्यापन. सर ते वाचून निघून गेले. पंप सुरू झाले. हवा ओढली जात असताना यंत्र मध्येच उघडत नाहीत, मग किल्ली कुणाकडेही असो.

सव्वातीनला कुलसचिवांचं पत्र आलं. चोवीस तासांत खुलासा करावा, कोयंडा पूर्ववत बसवावा. मॅडमनी पोच दिली आणि पुन्हा पडद्यासमोर बसल्या. पाचपर्यंत इतर विभागांच्या आणि कॉलेजांच्या नावांनी नोंदवहीतले पुढचे सहा दिवस भरले. पान उडू नये म्हणून निंगप्पाने त्यावर कुलपासकट कोयंडा ठेवला.

सव्वापाचला सरांचा त्याला फोन आला. सुतार उद्या सकाळी येतोय, स्क्रू कुठे आहेत?

"बघतो की," निंगप्पा म्हणाला.

चारही स्क्रू त्याच्या खिशात होते.