तेराव्या पानावरचं मरण

बापाला मारताना पोरानं आईला एका शब्दानं विचारलं नाही. पुस्तकात का होईना, पण मारलाच. आणि तोही तेराव्या पानावर, छान भाषण करायला लावून.

बांधणीच्या कारखान्यात मालकीणबाईंनी पहिल्या फॉर्मची, म्हणजे पुस्तकाच्या पहिल्या सोळा पानांची, थप्पी पुढ्यात ओढली आणि तिच्यावर पंजा ठेवला. "याला कोणी हात लावायचा नाही." शिलाईच्या टेबलावरच्या बायका सुया तशाच धरून बसल्या. बाकीचे नऊ फॉर्म घड्या घालून तयार होते, पुठ्ठे वाळून कडक झाले होते. उद्या सकाळी दहाला प्रकाशन. डिंक रात्रभर वाळायला हवा, म्हणजे शिलाई आज दिवेलागणीच्या आत उरकायला हवी. दुपारचे दोन वाजले होते.

चाळीस वर्षं बाईंनी पुस्तकं बांधली, पण वाचायच्या भानगडीत त्या पडल्या नव्हत्या. चौथीच्या पुढची शाळा पाहिली नव्हती आणि त्यावाचून काही अडलंही नव्हतं. घड्या घालताना डोळ्यांखालून जायचं तेवढं जायचं. तेवढ्यावरून त्यांना एक पक्कं कळलं होतं : पुस्तकातली माणसं मरताना बोलत सुटतात. खरी माणसं पाणी मागतात, नाहीतर कूस बदलून द्या म्हणतात.

हे पुस्तक मात्र त्यांनी बोट ठेवून वाचलं होतं. पोटच्या पोराचं होतं.

मुलगा धापा टाकतच आत आला. "आई, शिलाई थांबवलीस? हिचा फोन आला मला."

"चहाडी करायला बरी सवड मिळते हिला," बाई टोकाला बसलेल्या शिलाईवालीकडे बघत म्हणाल्या. मग वरचा फॉर्म उघडून त्याच्यापुढे सरकवला. "वाच. मोठ्यानं वाच. तुझे बाबा कसे गेले ते कळू दे सगळ्यांना."

"आई, आत्ता नको."

"लिहिताना नाही लाजलास, वाचताना कसली लाज?"

तो वाचू लागला. "'बाबांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, तू तुझ्या वाटेनं गेलास ते बरं केलंस. माझ्या मनात आता राग नाही...'"

शिलाईवालीनं पदर डोळ्यांना लावला.

"तू गं कशाला रडतेस?" बाई कडाडल्या. "तू होतीस की तिथं. डोक्याखालची उशी तूच सारखी केलीस."

"होते की, बाई. पण यात जास्त छान गेलेत."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"ही कथा आहे, आई," मुलगा म्हणाला. "कथेत असं चालतं."

"मग बापही दुसरा बघायचास. चष्म्याला बांधलेली दोरी ह्यांची, खोकला ह्यांचा, डिंकानं चिकटलेली बोटं ह्यांची, आणि बोलणं तेवढं तुझं? ते गेल्यावर दोन दिवसांनी उगवलास तू. बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हतीस."

"मी नव्हतो, ते मला माहीत नाही का?" त्याचा आवाज चढला. "नव्हतो म्हणून तर लिहिलं. असतो तर लिहायला लागलं असतं का?"

बाईंनी टेबलावरचा कागद कापायचा सुरा उचलला आणि त्याचं पातं तेराव्या पानाच्या घडीशी टेकवलं. थप्पीत असे पाचशे फॉर्म होते. पाचशेच्या पाचशे कापायची त्यांची तयारी दिसत होती.

"ते कापलंस तर तिसरं पान सुटून येईल," तो हळू म्हणाला. "दोन्ही एकाच कागदावर आहेत."

"मला बांधणी शिकवतोस?"

"तिसऱ्यावर तुझं नाव आहे. पुस्तक तुला वाहिलंय."

"बघितलंय मी. पडू दे."

पातं घडीत टेकलं. मुलानं आईचा हात धरला नाही, थप्पीही ओढली नाही. नुसता टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभा राहिला.

"मग तूच सांग," तो म्हणाला. "काय म्हणाले बाबा?"

तीन वर्षांत त्यानं हे पहिल्यांदा विचारलं होतं. आल्या दिवशी विचारलं नाही, नंतरही नाही. बाईंनीही आपण होऊन सांगितलं नव्हतं. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हा त्यांचा हट्ट होता.

"आला का, म्हणाले." बाईंची नजर पात्यावरच होती. "सकाळपासून तीनदा. पहिल्यांदा मी म्हटलं, गाडीत असेल. दुसऱ्यांदा म्हटलं, येईल."

"आणि तिसऱ्यांदा?"

कापायच्या मशीनवरच्या माणसानं मशीन बंद केलं.

"तिसऱ्यांदा म्हटलं, आला. जिना चढतोय." बाईंनी सुरा बाजूला ठेवला. "दाराकडे मान वळवली त्यांनी. तशीच राहिली."

मुलगा मागच्या पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसला. मग म्हणाला, "म्हणजे तूसुद्धा, आई..."

"हो. मीसुद्धा."

बाईंनी थप्पीच्या कडा तळहातांनी ठोकून सारख्या केल्या आणि ती शिलाईवालीकडे सरकवली. "बघतेस काय? ओव सुई. उजेड आहे तोवर हात चालव."

मग त्या पोराकडे वळल्या.

"माझं खोटं एका ओळीचं होतं," त्या म्हणाल्या. "ज्यांच्यासाठी बोलले त्यांना ते पुरलं. तू चार पानं भरलीस, आणि तुला अजून पुरलेलं दिसत नाही."