तांबड्याच्या खाली

निजामाचं राज्य गेलं आणि मांजरेच्या काठी सरकारी फोन आला. फोनच्या चौकीत उत्तरेश्वरला बसवलं. काम एकच, नदीत रोवलेल्या खांबावरच्या तांबड्या पट्ट्याला पाणी लागलं की कचेरीला कळवायचं, म्हणजे खालची गावं सावध होतील. साहेबांनी बजावलं होतं, "दिसेल तेवढंच सांग, डोकं चालवू नको. आणि पाणी तांबड्याच्या खाली गेल्याशिवाय चौकी सोडायची नाही."

श्रावणात पाणी पट्ट्याला लागलं ते घरजावयासारखं तिथंच राहिलं. उत्तरेश्वर चौकीत अडकला आणि इकडं लेकीला बघायला ईटचे पाव्हणे यायचा दिवस उद्यावर आला. भाकरी घेऊन आलेल्या केवळबाईनं काठावरून खांबालाच हात जोडले, "देवा, माझ्या मालकाला सोडीव. तुला शेंदूर फाशीन."

सकाळी बघतो तर पाणी गुडघाभर. उत्तरेश्वरनं नाचतच फोन फिरवला.

"साहेब, उतरलं. जाऊ का घरी?"

"तांबड्याच्या खाली किती गेलंय, नीट बघून सांग."

फोन कानाला धरूनच तो दारातून डोकावला. केवळबाई पाण्यात उभी होती. पट्ट्यापासून थेट पाण्यापर्यंत तिनं खांब शेंदरानं माखून काढला होता.

"अगं, काय करायलीस?"

"नवस फेडायले. सुटलात न्हवं तुम्ही?"

"हॅलो, बोल की," साहेब म्हणाले.

उत्तरेश्वरनं दिसलं तेवढंच सांगितलं, "साहेब, पाणी अजून तांबड्यालाच लागून हाय."