माणूस उठेपर्यंत

खिडक्यांवर रजया टांगून भर दुपारी अंधार केला होता. भिंतीवरच्या पांढऱ्या धोतरावर दोन माणसं दांडपट्टा खेळत होती. आवाज नव्हता. महिपतरावांनी हा सिनेमा काढला तेव्हा सिनेमा बोलत नसे. ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली, रियासतीच्या फौजेतली खरी माणसं घेऊन तो काढलेला.

वनमाला बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसली होती. मांडीवर वर्षाची दुर्गा. नवऱ्याच्या मामांसमोर, म्हणजे महिपतरावांसमोर, सुनेनं यायचं नाही, थेट बोलायचं नाही, असा घरचा रिवाज. चिकाच्या फटींतून धोतर मात्र पुरतं दिसत होतं.

कॅमेरा लांब, एका जागी ठेवलेला. पट्ट्याची पाती फिरत राहिली, फिरत राहिली. मग एक जण तटावरून खाली कोसळला. धूळ उडाली, बसली. तो माणूस उठून बसला, आजूबाजूला चाचपून त्यानं पगडी शोधली, डोक्यावर ठेवली आणि कॅमेऱ्याकडे बघून ओशाळं हसला. तेव्हा कुठं चित्र बदललं.

"हे तर आपले मोहिते जमादार," तिचा नवरा मानसिंगराव म्हणाला. "मला पट्टा यांनीच शिकवला."

"आता हे बघ. मागल्या साली काढलाय." महिपतरावांनी मशीनवर दुसरं रीळ चढवलं.

ढोल सुरू झाले. डोळे, तलवारीचं टोक, घोड्याचे खूर, पुन्हा डोळे. सगळं इतकं जवळ, की कोण कोणाशी लढतंय तेच कळेना. मानसिंगराव पुढं सरकून बसला. एक माणूस बुरुजावरून पाठीवर पडला, आणि लगेच नटीचा किंचाळणारा चेहरा आला.

"क्या बात है," मानसिंगराव म्हणाला. "मामासाहेब, आपला तो जुना याच्यापुढं अगदी बैलगाडी वाटतो."

"वीस वर्षं घासलीत त्यासाठी."

रियासत गेली होती. पलटणी दिल्लीच्या फौजेत गेल्या, आणि उंची दोन बोटं कमी भरली म्हणून मानसिंगरावाला घरी पाठवलं. उद्याच्या पंजाब मेलनं तो मामांबरोबर मुंबईला निघणार होता, सिनेमात लढायला. ट्रंक दारात बांधून ठेवली होती. तिच्यात वनमालानं न सांगता टिंक्चरची बाटली आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्या घातल्या होत्या.

ती दुर्गाच्या कानाशी वाकली, पण साऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "दुर्गे, आजोबांना विचार. पहिल्या सिनेमातला माणूस उठला. दुसऱ्यातला कुठं उठला?"

महिपतराव हसले. "मानसिंग, तुझी बायको कॉलेजात सिनेमे बघायला शिकली वाटतं." मग दुर्गालाच सांगितल्यासारखं म्हणाले, "बेटा, पब्लिकला आता सबर नाही. पडला की खेळ खतम, पुढं चला. उठणारा माणूस कोण बघतो?"

"मग तेव्हा का दाखवला, विचार."

"तेव्हा पलटणीचा सुभेदार माझ्या खुर्चीला टेकून उभा असायचा. सकाळी जितकी माणसं दिली, तितकी संध्याकाळच्या हजेरीला परत पाहिजेत, आपापल्या पायांनी चालत आलेली. कोणी पडला की तो उठेपर्यंत सुभेदार मला कॅमेरा बंद करू द्यायचा नाही. पुरावा हवा असायचा त्याला." त्यांनी बशीतल्या चहावर फुंकर मारली. "फार जाच होता. आता तसली हजेरी नाही, सुटलो."



"दुर्गे, विचार. दुसऱ्यातला तो कोण होता?"

"इथल्या मुरार छावणीकडचा कोणीसा. फौजेतनंच सुटलेला. गडी चांगला होता."

"आता कुठं असतो?"

"असेल मुंबईतच," महिपतराव म्हणाले आणि रीळ उलटं गुंडाळायला लागले.

मानसिंगरावाला ते सगळं लाजिरवाणं वाटलं असावं. तो एकदम उठला. "चला मामासाहेब, परसात चला. मी पडून दाखवतो. मोहिते जमादारांचा चेला आहे."

परसातली भिंत दीड पुरुष उंच होती. खालची माती उन्हानं दगड झालेली.

"दुर्गे, गवत टाकायला सांग," मागच्या दाराच्या चिकाआडून आवाज आला.

"गवत नको," महिपतराव म्हणाले. "चित्रात दिसतं."

त्यांनी दोन्ही हातांची बोटं जुळवून डोळ्यांसमोर चौकट धरली. मानसिंगराव भिंतीवर चढला, दाराकडे बघून त्यानं मिशीला पीळ दिला, आणि हात पसरून मागं पडला.

धप्प आवाज झाला.

"वा. पास," महिपतरावांनी हात खाली घेतले आणि ते घराकडे वळले. "चला, आता पान मागवा."

मानसिंगराव पडलेलाच होता. उडालेली धूळ त्याच्यावर बसत होती.

वनमाला चिक सारून बाहेर आली. पदर खांद्यावर घसरलेला, दुर्गा कडेवर. या वेळी ती दुर्गाशी बोलली नाही.

"मामासाहेब, हात वर घ्या," ती म्हणाली. "ते अजून उठले नाहीत."

महिपतराव थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग सावकाश बोटं जुळवून चौकट पुन्हा डोळ्यांसमोर धरली, आणि दोघंही भिंतीखाली बघत उभी राहिली.